प्रभुभोजनाच्या वेळचा खोकला

"उजवा हात वर, डावा खाली. तळवा उघडा. भाकर घ्यायची असते वं, झडपायची नसते."

पहिलं प्रभुभोजन घेण्याआधीच्या दृढीकरणाच्या वर्गात रुपरावकाकांनी आम्हा मुलींना हे इतक्यांदा सांगितलं, की अजूनही वेदीपुढे गुडघे टेकले की आधी त्यांचा आवाज ऐकू येतो, मग पाळकांचा.

काका आमच्या मंडळीचे निवृत्त उपदेशक. रोज सकाळी चर्चमध्ये ते प्रार्थना चालवतात आणि मंडळीनं म्हणायची उत्तरं मी देते. माझा तो नेमच आहे. बहुतेक दिवशी आम्ही दोघंच असतो. काका स्वतःला अजून जुन्या इंग्रजी मिशनचे अँग्लिकनच म्हणवतात. सत्तर साली वेगवेगळ्या मिशनच्या मंडळ्या एक झाल्या, पण "प्रार्थना करू या" म्हटलं की कोण गुडघे टेकतो आणि कोण बसल्या जागी नुसती मान खाली घालतो, यावरून त्याचा आजा कुठल्या मिशनचा ते काका बिनचूक ओळखतात. मान खाली घालणाऱ्यांवर त्यांचा राग नाही. फक्त कीव आहे.

यंदा आम्हाला पहिल्यांदाच बाई पाळक मिळाल्या. रेव्हरंड दामिनी, कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत वाढलेल्या. तेव्हापासून काकांना खोकला लागला. स्तोत्रं, पाठ, उपदेश सगळं निर्वेध पार पडे. प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस द्यायची, तयारी सुरू झाली की मात्र काका रुमाल तोंडाशी धरून बाहेर जात.

"तुमचा खोकला मोठा भाविक आहे जी," त्यांच्या बायको, गोपिकाकाकू म्हणायच्या. "बरोबर वेळ पाळते."

काकांची जागा रिकामी दिसली की दामिनीताईंचा हात पेल्यावर क्षणभर थांबे.

मग काकांचं हृदयाचं दुखणं निघालं. धंतोलीतल्या एका दवाखान्यात भरती केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन ठरलं. दुपारी मी गेले तर काका म्हणाले, "वंदना, जायच्या आधी प्रभुभोजन घ्यावं म्हणतो. आपल्या जुन्या पाळकसाहेबाले फोन लाव."

"ते मुलाकडे जबलपूरला आहेत, काका. दामिनीताईंना बोलावते."

"राहू दे मग. देव समजून घेईल."

मी बाहेर जाऊन फोन केलाच. मनीषनगरची गर्दी कापत ताई स्कूटीवर आल्या, खांद्याला प्रभुभोजनाची छोटी पेटी. काकांनी डोळे मिटले.

"झोपले नाहीत हं ते," काकू म्हणाल्या. "पापण्या हालून राहिल्या."

ताई स्टूल ओढून बसल्या. "काका, खोकला कसा आहे?"

"बरा आहे. इथं कशाले येईल?" डोळे न उघडता काका म्हणाले.

"पाळक करताना माझ्यावर बिशपसाहेबांनी हात ठेवला, त्यांच्यावर त्यांच्या आधीच्यांनी. थेट प्रभूच्या प्रेषितांपर्यंत साखळी जाते असं तुम्हीच शिकवता म्हणे. मग माझ्यापाशीच तुटली का?"

"साखळी मजबूत आहे. शेवटची कडी स्कूटीवर फिरते, येवढंच."

काकू हसल्या. मी सहसा मध्ये बोलत नाही, पण त्या दिवशी राहवलं नाही. "काका, पाळक दारू पिऊन आला तर प्रभूची भाकर खोटी ठरते का, असं वर्गात कोण विचारायचं?"

"मी."

"आणि उत्तर?"

"नाही ठरत. देणारा प्रभू आहे."

"मग दारुडा चालतो आणि दामिनीताई चालत नाहीत, ते काहून?"

काकांनी डोळे उघडले. "ताईचा काही दोष नाही वं," ते हळू आवाजात म्हणाले. "मंडळीचं नाव बदललं, प्रार्थनेचं पुस्तक बदललं. वेदीपाशी तरी सगळं आधीसारखं राहावं वाटे. ते गेलं तर मी कोण, हे मलेच सांगता येत नाही."

ताई जराशा पुढे झुकल्या. "काका, नियम तुम्हाला ठाऊक आहे. मला हे एकटीनं करता येत नाही. घेणारं कोणी हवं, उत्तर देणारं कोणी हवं. रविवारी तुम्ही उठून गेलात की माझी प्रार्थना अर्धीच राहते."

काकांनी एकदा ताईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "एक अट आहे. उद्याची सकाळची प्रार्थना चुकायची नाही. वंदना चालवेल."

"मी? काका, मी उत्तर देणारी. पुढं उभं राहून चालवणं मला..."

"काहून? दारुडा चालतो, तू नाही?"

आता ताईही हसल्या. मी "बरं" म्हटलं.

ताईंनी पेटी उघडली, टेबलावर पांढरं कापड अंथरलं. काकांच्या डाव्या हाताला सलाईन होतं, म्हणून त्यांनी एकटा उजवा पुढे केला. काकूंनी खालून आपला तळवा लावला. ताईंनी भाकर ठेवली आणि काका "आमेन" म्हणाले, शेजारच्या खाटेवरचा माणूस दचकावा इतक्या मोठ्यानं.

सकाळी काकूंचा फोन आला. काकांना ऑपरेशनसाठी आत नेत होते, ताई तिथंच होत्या. मी फोन ठेवला, प्रार्थनापुस्तक पिशवीत घातलं, दार हळूच ओढून घेतलं. उत्तर द्यायला आज कोण येईल, कोणी येईल की नाही, ठाऊक नव्हतं. मी चर्चच्या रस्त्याला लागले.