रिकाम्या खाटेचा एक तास

"काका, खाट रिकामी झाली हे तुम्ही कशावरून ठरवता?" संगणकवाल्या मुलीने विचारलं.

"माणूस घरी गेला की. किंवा… गेला की."

रुग्णालयात कुणाला कोणती खाट द्यायची, हे मी एकोणतीस वर्षं ठरवत आलो. आता ते प्रोग्राम ठरवणार होता. प्रत्येक कामासाठी ती तीन रकाने भरत होती: आधी काय असायला हवं, काय करायचं, केल्यावर काय बदलेल.

"मग कुणी वारल्यावर तुम्ही खाट अडवून का ठेवता? कधीकधी तासभर! बाहेर स्ट्रेचर ताटकळतात, काका."

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मला धड बोलताही येत नाही.

"घरचे परत येतात. चष्मा राहिलेला असतो, चपला असतात. एकदा मी लगेच खाट दिली. गेलेल्याची बायको परत आली, तर तिथे दुसराच माणूस बसून जेवत होता. त्यालाच म्हणाली, 'माफ करा, चुकले.'"

तिने कीबोर्डवरचा हात उचलला. "हे कारण वर पटायचं नाही."

"मग राहू द्या."

"लगेच काय माघार घेता हो! सफाईचा वेळ म्हणून लिहिते. साठ मिनिटं. कोण हरकत घेतंय!"

घरी बायकोला सांगितलं. "चला, जन्मात एकदा तरी तुमचं कुणी ऐकलं," ती म्हणाली.

प्रोग्राम सुरू झाला त्याच आठवड्यात सहा नंबरचे आजोबा गेले. मुलगा दहा मिनिटांत परत आला, पिशवी उचलली, उशीवरून हात फिरवला आणि गेला. पूर्वी मी तेव्हाच खाट दिली असती. घरचे येऊन गेले की थांबणं संपलं, एवढं साधं सांगायचं राहून गेलं होतं. तासाला खरं तर काहीच अर्थ नव्हता. पण ते मलाही आत्ताच कळत होतं.

पडद्यावर अक्षरं होती: सफाई चालू, पन्नास मिनिटं बाकी. थांबवायची सोय शोधली. माझ्यासाठी ठेवलेलीच नव्हती. संगणकवाल्या मुलीला फोन केला. "सोमवारी बदलते, काका," ती म्हणाली.

दाराशी स्ट्रेचरवर एक म्हातारी कण्हत होती.

"अहो, ती खाट रिकामीच आहे की!" तिची लेक म्हणाली.

"सफाई चालू आहे," मी म्हणालो.

तिने ताज्या चादरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खाली वाकून म्हातारीच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत राहिलो.