कवंद अंथरायला जागा

मिंगेलनं स्वयंपाकघराच्या जुन्या भिंतीवर पहिली कुदळ मारली तेव्हा त्याची माय आतच बसली होती, सुई धरून. डोक्यावर माती पडली तशी ती ओरडली, "मेल्या, हातातली ओळ तरी संपू दे!" आणि ओळ संपवूनच उठली.

इनासमाय म्हणजे असंच प्रकरण. शाळेत गेली ती दोन दिवस. तिसऱ्या दिवशी छडी बसली, मग शाळेनं तिचं तोंड बघितलं नाही आणि तिनं शाळेचं. पण यल्लापूरपासून हल्याळपर्यंत सिद्दींच्या कुठल्याही वाडीत जा, तिच्या हातची कवंद उलटी करून दाखवा, बाया टाका बघून सांगतील, ही इनासची. तसल्या वाकळी पावसात उबेला सगळ्याच बाया शिवतात. इनासमायची मात्र पांघरणारा झिजतो, पण दोरा हलत नाही. हे ती स्वतःच सांगायची, आणि कुणी खोटं म्हणायला धजत नव्हतं.

नात सावेरीनचं लग्न ठरलं होतं. चर्चमध्ये तीन रविवार नावं पुकारायची आणि तिसऱ्या रविवारनंतरच्या मंगळवारी लग्न. नवरी सासरी जाताना आजीच्या हातची, दोघांना पुरेल अशी कवंद नेते. नाही नेली तर तिकडच्या बाया तोंडावर विचारतात, "का गं, आजी मेली वाटतं?"

आणि नेमक्या त्याच लग्नासाठी सुनेला, लुर्दीनला, नवं स्वयंपाकघर हवं होतं. उभं राहून रांधायचा ओटा, नळ, गॅस. इनासमायनं एकच अट घातली होती. खिडकीखालची तिची मातीची चूल जागची हलणार नाही. "बाकी काय तुमचा ताजमहाल बांधायचा तो बांधा."

भिंत पडली आणि घरातली सगळी भांडीकुंडी, तांदळाचं पिंप, सरपण, सुपं, सगळं बाहेरच्या खोलीत येऊन पडलं. लुर्दीन अंगणात तीन दगडांवर रांधू लागली. तिचं भागलं. इनासमायचं भागेना.

कारण कवंद मांडीवर शिवत नाहीत. जुनी साडी सपाट जमिनीवर अंथरायची, कडेनं सुरुवात करायची, तुकड्याला तुकडा लावत चारी बाजूंनी फेर धरायचा आणि आत आत येत मधोमध पोचायचं. शिवणारी शेवटी कवंदीच्या पोटात बसलेली असते. एवढी मोठी शेणानं सारवलेली सपाट जमीन घरात एकच होती, आणि तिथं आता बसप्पा गवंडी कुदळ घेऊन उभा होता.

शेजारणीच्या नातवाची पाळण्यातली कवंद कबूल केली होती, ती तिनं पिंपाच्या झाकणावर अंथरून चार दिवसांत देऊन टाकली. बायकांच्या संघातून धारवाडच्या कुणा बाईसाठी एक शिवायची होती, तिचे तुकडे कापून, रंग जुळवून, गाठोडं बांधून ठेवलं. पण सावेरीनची मोठी कुठं घालायची? अंगणात घातली तर कोंबड्या येऊन बसल्या. खळ्यावर नेली तर वाऱ्यानं साडीच उचलली. चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवून ती उन्हात बसली, तर शेजारची कैतान कुंपणावरून म्हणाली, "इनासबाय, मिरच्या वाळवताय का?"

"हो. तुझ्या जिभेला लावायला."

शेवटी तिनं खाटेवर अंथरली. दिवसभर शिवली. संध्याकाळी उचलून बघते तर काय, खाट झोळ खाणारी, तशी कवंदही मधे फुगलेली. सहाव्या महिन्याच्या बाईसारखं पोट.

लुर्दीन म्हणाली, "राहू दे माय, धुतल्यावर बसेल."

"तू बसशील, ती नाही बसणार." आणि इनासमायनं सगळी दिवसभराची शिवण उसवली. उसवताना दोन ठिकाणी साडी फाटली, तिथं मिंगेलच्या बापाच्या जुन्या लुंगीचे तुकडे लावले. त्या रविवारी चर्चमध्ये पहिल्यांदा नावं पुकारली गेली. सगळ्या बाया सावेरीनकडे बघत होत्या आणि इनासमाय बोटांवर दिवस मोजत होती.

नव्या भिंती उभ्या राहिल्या. बसप्पानं आतली जमीन चोपून चोपून पाटासारखी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी, तो यायच्या आत, इनासमाय गुंडाळलेली कवंद काखेत मारून आत शिरली. एवढी सपाट जमीन बघून तिला बरं वाटलं. तिनं कवंद उलगडली.

जमिनीवर ओट्यांसाठी आखलेल्या चुन्याच्या रेघा होत्या. उजव्या भिंतीलगत एक, डाव्या भिंतीलगत एक, आणि समोर खिडकीखाली तिची चूल. कवंदीची एक कड इकडच्या रेघेबाहेर गेली, दुसरी तिकडच्या. तिनं कवंद फिरवली. मग तिची कड चुलीवर चढू लागली. तिरकी घातली तर दारात गेली.

इनासमाय रेघेवरच बसली. या घरात कवंद अंथरायला आज जागा नव्हती एवढंच नव्हतं. ओटे उभे राहिले की कधीच नसणार होती.

बसप्पा आला तेव्हा ती कवंदीच्या कडेला बसून शिवत होती. शिवण थेट रेघेवर.

"अव्वा, उठा. आज विटा लावायच्यात."

"लाव. माझ्या अंगावर लाव."

त्यानं मिंगेलला हाक मारली. मिंगेल दारात उभा राहिला, आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि वाळू बघून येतो म्हणून निघून गेला. जन्मापासून तो असाच होता.

लुर्दीन मात्र आत आली. हाताला राख होती. "माय, काय चाललंय हे?"

"दिसत नाही? तुझ्या लेकीची कवंद चाललीय."

"ती माझ्या लेकीचीच आहे, मला ठाऊक आहे. म्हणून काय मी जन्मभर उकिडवी बसून फुंकर मारू? बावीस वर्षं मारली. सकाळी उठताना भिंतीला धरून उठते मी. तुम्ही बघता ना?"

"बघते. मी पण तशीच उठते."

"मग तुम्हाला कळायला हवं!"

"ओटा नको म्हटलं का मी? दोन दोन कशाला? काय पलटण जेवायला घालणारेस?"

बसप्पा विटेवर बसून विडी शोधत होता. तो आपला सहज बोलून गेला, "अव्वा, मी एकच काढणार होतो. खिडकीखाली सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. उजेडही तिथंच येतो. पण तिथं तुमची चूल. एका बाजूला अख्खा ओटा मावेना, म्हणून दोन्हीकडे अर्धा अर्धा आखला."

लुर्दीननं मान खाली घातली. म्हणजे तिला हे आधीपासून ठाऊक होतं, आणि सासूच्या तोंडाला लागायला नको म्हणून ती गप्प राहिली होती.

इनासमायनं सुई कवंदीत खुपसली आणि चुलीकडे बघितलं. नवी नवरी होऊन आली तेव्हा ओढ्याची माती तिनं स्वतः आणली होती, भाताचा कोंडा घालून मळली होती. सासूनं म्हटलं होतं, दोन पावसात फुटेल. सासू गेली, चूल राहिली. आणि जोवर चूल होती तोवर रविवारचं मटण इनासमाय रांधायची, कुणाच्या ताटात काय पडेल ते ती ठरवायची. मिंगेल, सावेरीन, खुद्द फादरसुद्धा आला तर त्या चुलीसमोर वाकून "माय, आहे का काही?" विचारायचा. चूल गेली की स्वयंपाकघर सुनेचं.

चूल बाहेर मांडता येईल, ती मनाशी म्हणाली. चार दिवसांचं काम. जमीन कुठून आणू?

ती उठली, कवंद गुंडाळून लुर्दीनच्या हातात दिली. "धर. राखेचे हात लावू नकोस, कोपरावर घे."

आणि बसप्पाची पहार उचलली.

"अव्वा, मी पाडतो—"

"हात लावशील तर बघ. तुझ्या बापानं मळलीय का?"

पहिला घाव निसटता पडला, चुलीला काहीच झालं नाही. इतकी पक्की होती ती. इनासमायला त्याचाही अभिमान वाटला आणि रागही आला. पाचव्या घावाला पुढची कड सुटली, मग आतली भाजून लाल झालेली माती दिसली. लुर्दीन दारात कवंद छातीशी धरून रडत होती.

"रडतेस कशाला? तुझ्या मनासारखं झालं ना?"

"माझ्या मनात असं नव्हतं, माय."

"मग आता असू दे. आणि ऐक." तिनं पहारीवर हनुवटी टेकली, दम लागला होता. "खिडकीखाली एकच ओटा. खालची जमीन दुपारच्या जेवणानंतर चार वाजेपर्यंत माझी. तिथं पिंप नाही, पोतं नाही, पाटी नाही."

"आणि टेबल? मिंगेल म्हणत होता, पाहुण्यांसाठी..."

"आण. त्याचे चारी पाय कापून चुलीत घालते."

"कुठल्या चुलीत?" लुर्दीन म्हणाली, आणि जीभ चावली.

इनासमायनं तिच्याकडे बघितलं. बावीस वर्षांत सुनेनं पहिल्यांदा नेमका टाका घातला होता. "अंगणात मांडीन ती चूल," ती म्हणाली. "माती तू आणायचीस."

ओटा उभा राहायला सहा दिवस लागले. बसप्पा खिडकीशी विटा लावत होता आणि त्याच्या पाठीमागे, चोपलेल्या जमिनीवर, इनासमाय फेऱ्यामागून फेरे घालत आत सरकत होती. सिमेंटचा शिंतोडा उडाला की ती थेट बसप्पाचं घराणं काढायची. तोही काही कमी नव्हता, म्हणायचा, "अव्वा, माझ्या भिंतीपेक्षा तुमची ओळ सरळ नाही." दोघांनीही आपापली ओळ त्यानंतर जास्त नीट घातली. जमिनीवरच्या फरशा मात्र तिनं कवंद पुरी होईपर्यंत बसवू दिल्या नाहीत.

तिसऱ्या रविवारी नावं पुकारून लोक घरी आले तेव्हा कवंद पोटापर्यंत शिवून झाली होती. राहिली होती चार कोपऱ्यांवरची फुलं, घडीवर घडी घालून शिवायचे ते रंगीत तुकडे. त्यांच्यावाचून कवंद उघडीनागडी समजतात. इनासमाय तिसऱ्या कोपऱ्याशी बसली होती. ओट्यापाशी लुर्दीन पहिल्यांदाच उभी राहून रांधत होती. मसाला खमंग लागला होता, हे इनासमायला मनातल्या मनात मान्य करावं लागलं.

आजवर दोघी एकाच उंचीवर बसत आल्या होत्या, तोंडासमोर तोंड. आता खालून तिला सुनेचे फक्त पाय दिसत होते. टाचा खोल फाटलेल्या होत्या, भेगांत माती भरलेली.

"लुर्दीन."

"काय माय?"

"टाचांना खोबरेल लाव. पाहुणे तोंड बघून जातील. मला रोज इथं बसून हेच बघायचंय."

लुर्दीन वरून हसली. "बरं. आणि तुम्ही जरा त्या बाजूला सरका, पातेलं उतरवायचंय."

"थांब," इनासमाय म्हणाली. "ओळ संपू दे."