पत्रिकांच्या शर्यतीतलं स्टॉपवॉच

मित्रांनो, मी एक जुनं, चावीचं स्टॉपवॉच आहे. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही, पण एरंडोलच्या मैदानावरची पहिली शर्यत आठवते. पोरं धुरळा उडवत सुटली आणि माझा काटा त्यांच्यासंगे! खेळशिक्षक तोताराम सर मला गळ्यात घालून मिरवायचे. ते निवृत्त झाले आणि मी खणात गेलो.

सरांनी पारोळ्यात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका करून द्यायचं दुकान काढलं. टाइप करायला प्रमिलाबाई. सत्त्याण्णव साली मराठी लिहायचा नवा प्रोग्राम आला आणि पत्रिका रखडू लागल्या.

“बाई, हात जड झाला तुमचा,” सर म्हणाले. “या लग्नसराईला दुसरं माणूस बघतो.”

बाई आपल्या बोटांकडे बघत राहिल्या. खरंच असेल का? मग ताडकन उठून त्यांनी सरांच्या टेबलाच्या खणातून मला बाहेर काढलं. “सर, पोराला शर्यतीतून काढताना नुसतं बघून काढत होता का? वेळ लावा!”

अहाहा, किती वर्षांनी चावी बसली!

जुना प्रोग्राम मशीनमध्ये होताच. बाईंनी त्यावर वाढदिवसाचं कार्ड लिहिलं, नव्यावर पत्रिका. सर ओरडले, “थांबा! एकाला मैदान, दुसऱ्याला नांगरलेलं वावर? ही काय शर्यत झाली?”

मग दोन्ही प्रोग्रामना एकच पत्रिका दिली. पत्रिकेतल्या मुहूर्ताच्या ओळीपर्यंत दोघे बरोबरीत! म्हणजे दोष बोटांचाच? बाईंचा चेहरा पडला. तेवढ्यात नवरदेवाचे वडील, हिलालआबा, दारातून गरजले, “बाई, बठ्ठा भाऊबंद येवाले पाहिजेत, नहीते रुसवा व्हई!”

म्हणजे सगळ्या भाऊबंदांची नावं हवीत, नाहीतर रुसवे! काका, मामा, साडू... खानदेशातली पत्रिका ती! जुना प्रोग्राम बोटांबरोबर पळत राहिला. नव्याला मात्र जितकी नावं, तितकी धाप. बाई टाइप करून हात बांधून बसल्या, तरी पडद्यावर अक्षरं उमटतच होती!

“सर, बघा, बघा! एक अक्षर टाकलं की हा वरच्या गणपतीपासून अख्खं पान पुन्हा मांडतो!”

“म्हणजे दर पावलाला सुरुवातीच्या रेषेवर जाऊन येतो? मग पोचेल कसा?”

नावं वेगळ्या पानांवर थोडी थोडी लिहून शेवटी जोडली, आणि नवाही सुसाट सुटला. मी इतक्या आनंदानं कधीच टिकटिकलो नव्हतो!

“बाई, दुसरं माणूस नको,” सर म्हणाले. “शिट्टी मीच चुकीची मारली.”

“मग चहा सांगा,” बाई हसल्या, “आणि आबांच्या साडूंची नावं तुम्हीच वाचा. संपत नाहीत मेली!”

मित्रांनो, घरात, शाळेत कुणी मागे पडलेलं दिसलं, तर त्याला मंद म्हणून मोकळे होऊ नका. दर पावलाला त्याला काय काय पुन्हा उचलावं लागतं, ते आधी जवळ जाऊन बघा.