बरं व्हायची चोरी

धाकटीच्या आईच्या पोटात कुठलीही गोष्ट राहत नसे. शेजारच्या बाईंचं दूध नासलं तर ते खालच्या मजल्यावर आधी कळायचं आणि शेजारच्या बाईंना नंतर. अशा बाईला जन्मातली सगळ्यात मोठी आनंदाची बातमी महिनाभर गिळून बसावं लागलं, म्हणजे तिची काय गत झाली असेल, तुम्हीच विचार करा.

झालं असं. आई शिलाई मशीनवर कुणाची तरी पँट कमी करत बसली होती. धाकटी नुकतीच चष्म्याच्या दुकानातून, कामावरून आली होती आणि व्हीलचेअर मशीनला लावून दिवसभरातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करत होती. एका आजोबांनी म्हणे सात फ्रेमा घालून पाहिल्या आणि शेवटी स्वतःचाच जुना चष्मा आरशात बघून "हा कितीला?" असं विचारलं. आई खो खो हसली, आणि हसता हसता मशीनवरचं रीळ खाली पडून चाकापाशी गेलं. धाकटी वाकली, रीळ उचललं, सरळ झाली, रीळ जागेवर ठेवलं आणि आजोबांचं पुढे सुरू केलं.

मशीन थांबलं.

"पुन्हा कर," आई म्हणाली.

"काय?"

"आत्ता केलंस ते. हात न टेकता उठलीस तू."

धाकटी कॉलेजच्या जिन्यावरून पडली त्याला पंधरा वर्षं झाली होती. तेव्हापासून छातीच्या खाली तिचं शरीर तिचं ऐकत नव्हतं. काही उचलायचं तर डाव्या हाताने चाक घट्ट धरायचं, वाकायचं आणि त्याच हाताने स्वतःला ओढून वर आणायचं. हात सुटला तर दोरीवरच्या ओल्या टॉवेलसारखी ती मांडीवर दुमडून पडायची, आणि कुणीतरी येऊन सरळ बसवेपर्यंत तशीच. आणि आज ती बोलता बोलता वाकून उठली होती. तिलाही पत्ता नव्हता.

तिने पुन्हा केलं. दोन्ही हात छातीशी धरून वाकली. पाठीत कुठेतरी, जिथे इतकी वर्षं नुसता शुकशुकाट होता, तिथे काहीतरी ताणलं गेलं आणि ती हळूहळू वर आली.

आई रडायलाच लागली. रडता रडता तिने फोन उचलला, थोरलीला लावायला. थोरली म्हणजे धाकटीची बहीण, लग्न होऊन दुसऱ्या शहरात राहणारी. धाकटीने पुढे होऊन फोन हिसकावला.

"थांब, आई. कुणाला सांगायचं नाही."

"का गं? चोरी केलीस की काय?"

"अजून नाही," धाकटी म्हणाली.

आता इथे थोडं समजावून सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही आईसारखे तोंडाकडे बघत बसाल. धाकटी व्हीलचेअरवरून टेबल टेनिस खेळायची. विरंगुळा म्हणून नव्हे, देशासाठी. या खेळात बसून खेळणाऱ्यांचे पाच वर्ग असतात. ज्याच्या अंगात सगळ्यात कमी जोर तो पहिल्या वर्गात, आणि मग चढत्या भाजणीने पाचवा. धाकटी तिसऱ्यात होती. हात एकदम पक्के, पण पोटाला आणि कमरेला आधार नाही, अशांचा तो वर्ग. चौथ्या वर्गातल्यांना तोल सावरता येतो. पुढे झुकतात, चेंडू घेतात, सरळ होतात.

आणि धाकटीचं सगळं नाव ज्यावर उभं होतं तो चेंडू म्हणजे तिचा आखूड चेंडू. जाळीला चाटून जायचा आणि पलीकडे जाऊन जीव सोडायचा. तिसऱ्या वर्गातले लोक त्याच्याकडे नुसते बघत राहायचे, कारण तिथवर झुकायचं तर परत यायचं कसं? सरांनी तो तिच्याकडून घोटून घेतला होता. सर म्हणजे तिचे कोच. हॉस्पिटलच्या व्यायामाच्या हॉलमध्ये ती तोंड पाडून बसली असताना हातात बॅट देऊन "रडायचं असेल तर रड, पण चेंडू पडू देऊ नकोस," असं सांगणारा खवीस माणूस. त्या चेंडूच्या जोरावर धाकटी जगात तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोचली होती. जागतिक स्पर्धेत दोनदा उपांत्य फेरीत हरली होती. यंदाची स्पर्धा तोंडावर आली होती आणि यंदा ती फायनलला जाणार असं तिचे विरोधकसुद्धा म्हणत होते.

फक्त त्याआधी वर्गाची तपासणी होती. दर काही वर्षांनी ती होतेच. डॉक्टर हालचाली करायला लावतात आणि ठरवतात, तू कुठल्या वर्गात. धाकटी हात न टेकता उठते हे दिसलं की झालं, रवानगी चौथ्यात. तिथे तिचा आखूड चेंडू कुणीही सहज वाकून उचलणार. यादीत ती जवळजवळ तळाला. पंधरा वर्षांची मेहनत पाण्यात.

"म्हणजे बरं व्हायचीसुद्धा चोरी?" आई म्हणाली. "कसला मेला खेळ हा!"

दुसऱ्या दिवशी धाकटीने सरांना सांगितलं. सरांनी आधी कपाळाला हात लावला आणि मग हसत सुटले. कारण दोन वर्षांपूर्वी पाठीच्या व्यायामासाठी तिला एका बाईंकडे धाडणारे तेच होते. खेळताना खांदा दुखू नये, एवढाच त्यांचा हेतू.

"खांदा राहिला बाजूला," ते म्हणाले, "मी तुझी पाठच जागी केली."

"आता काय करू?"

सरांचं हसू ओसरलं. "मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. खोटं केलंस आणि पकडली गेलीस, तर बंदी येईल."

"आणि नाही पकडली गेले तर?"

"तर तू आणि तुझी पाठ. मला मध्ये घेऊ नकोस." एवढं बोलून ते चेंडूंची टोपली घेऊन टेबलाच्या पलीकडे गेले. त्या दिवशी त्यांनी तिला एकदाही झापलं नाही, आणि त्याचंच तिला जास्त लागलं.

धाकटीने ठरवलं. लपवायचं. जगाचं काय जातंय? पायांत तर जीव आला नव्हताच. इतकी वर्षं जे अंग हलत नव्हतं ते आत्ताच, अगदी तोंडावर हलावं, हा त्या अंगाचा आगाऊपणा होता, तिचा गुन्हा नव्हता. ती खोलीचं दार लावून आरशासमोर सराव करायला लागली. वाकायचं, थोडं उठायचं, मग धडपडल्यासारखं करून हात टेकायचा. आयुष्यभर तिने सुधारण्याचा सराव केला होता. बिघडण्याचा सराव त्याहून अवघड निघाला. पाठ आपोआप वर यायची, आणि मग ती स्वतःच्याच पाठीवर चिडायची.

आईने तिला एका शब्दाने अडवलं नाही. "तुझा खेळ, तू बघ. मला त्यातलं काय कळतंय?" एवढंच म्हणाली आणि तोंडाला कुलूप लावलं. थोरलीचा फोन आला की हवापाण्याचं बोलायची. एकदा जिन्यात शेजारच्या बाईंनी विचारलं, "धाकटी कशी आहे?" धाकटी दाराच्या आतच होती. आईने हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"तशीच आहे," ती म्हणाली.

आणि आत येऊन थेट स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नुसताच नळ वाहत होता. धाकटीला वाटलं, आत जावं, काहीतरी बोलावं. पण ती दुकानात निघून गेली.

तपासणीच्या दिवशी आई सोबत गेली. एकाला सोबत नेता येत होतं. खोली साधीच होती. एक उंच पलंग, दोन खुर्च्या, खिडकी. डॉक्टर शांत, मध्यम वयाच्या, सावकाश बोलणाऱ्या. शेजारी कागदपत्रं सांभाळणारे एक गृहस्थ. आईला भिंतीशी स्टूल दिलं. धाकटीला पलंगाच्या कडेला बसवलं. हात वर करा, बाजूला करा, ढकला, ओढा. सगळं नेहमीचं.

"आता हात छातीशी घ्या," डॉक्टर म्हणाल्या. "पुढे वाका, आणि जमेल तेवढं उठा."

धाकटी वाकली. डोकं गुडघ्यांपाशी आलं. इथून थोडं उठायचं, डगमगायचं, उजवा हात टेकायचा. शंभरदा केलेलं होतं. वाकलेल्या अवस्थेत तिला फक्त जमीन दिसत होती, आणि जमिनीवर आईच्या चपला. चपला तिच्याकडे तोंड करून होत्या. मग त्या हलल्या. आई स्टुलावरून उठली होती. चपला वळल्या आणि त्यांची टोकं भिंतीकडे गेली.

हॉस्पिटलमधले दिवस तिला आठवले. डॉक्टर तिच्या तळव्यावर टोचून बघायचे आणि आई पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून अंगठ्याकडे टक लावून बघायची. एकदा तरी हलेल म्हणून. पापणी लवू द्यायची नाही, तेवढ्यात हललं तर? याच बाईने पंधरा वर्षं डोळ्यांत तेल घालून वाट पाहिली, आणि आज पोरगी उठत नसल्याचं नाटक करणार, ते बघवणार नाही म्हणून भिंतीकडे तोंड करून उभी होती. तक्रार नाही, रडणं नाही. नुसती पाठ फिरवून.

आपण काय करतोय, असं धाकटीच्या मनात आलं, आणि तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

ती उठली. हात छातीशीच ठेवून, सावकाश, पूर्ण सरळ.

"आई," ती म्हणाली, "इकडे बघ."

आई वळली नाही.

"अगं, बघ तरी!"

मग तिने पुन्हा केलं, डॉक्टरांनी न सांगता. वाकली आणि उठली. या वेळी आई बघत होती. पदर तोंडावर दाबून, पण बघत होती.

"वा! छान!" डॉक्टर पटकन बोलून गेल्या, आणि मग समोरच्या कागदाकडे वळल्या. "म्हणजे... तुम्हाला कल्पना असेलच. वर्ग बदलेल."

"आहे कल्पना," धाकटी म्हणाली.

बाहेर आल्यावर आईने पहिला फोन थोरलीला केला, दुसरा शेजारच्या बाईंना, आणि मग तिला जो जो नंबर सापडला त्या सगळ्यांना. चष्म्याच्या दुकानातल्या मालकांनाही कळवलं. महिनाभराचा बांध फुटला होता, कोण अडवणार? सर बाहेर बाकावर बसले होते. ते धाकटीला म्हणाले, "चौथ्यात तुझा आखूड चेंडू खाऊन टाकतील. उद्या लवकर ये. नवीन काहीतरी बघू." आणि कडेला तोंड करून त्यांनी जोरात नाक शिंकरलं.

चौथ्या वर्गात ती पात्र ठरली नाही, आणि जागतिक स्पर्धा तिच्याशिवाय झाली. चौथ्या वर्गातली तिची पहिली मॅच त्यानंतर एका छोट्या स्पर्धेत होती. समोरची मुलगी वयाने बरीच लहान आणि अंगाने लवचीक. धाकटीचे आखूड चेंडू ती पानावर वाढल्यासारखे उचलत होती. दोन गेम हा हा म्हणता गेले. तिसऱ्यातही धाकटी मागे होती. हॉलमध्ये फारसं कुणी नव्हतं, आणि जे होते त्यांनाही जेवायला जायची घाई होती.

तेव्हा त्या मुलीने धाकटीचीच खोडी धाकटीवर उलटवली. जाळीला चाटणारा आखूड चेंडू टाकला. असा चेंडू धाकटीने आजवर हजारदा सोडून दिला होता. तिकडे बघायचंसुद्धा नाही, पुढच्याची तयारी करायची. पण या वेळी ती गेली. छाती टेबलावर येईपर्यंत झुकली, हात लांबवला आणि बॅट चेंडूला लागली. चेंडू उडाला, जाळीवर आपटला आणि अलीकडेच पडला. पॉइंट गेला. धाकटी सरळ होऊन बसली.

आणि वर गॅलरीत टाळ्या सुरू झाल्या. एकाच माणसाच्या. रिकाम्या हॉलमध्ये त्या फटाफट वाजल्या. पंचांनी मान वर करून पाहिलं. सरांनी डोळे मिटून घेतले. आई उभी राहून टाळ्या पिटत होती.

तिच्या शेजारी बसलेले एक गृहस्थ संकोचून म्हणाले, "अहो बाई, पॉइंट समोरच्या मुलीला मिळाला."

"मिळू दे की!" आई म्हणाली. "आमची उठली कशी, ते पाहिलंत ना?"

ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं. धाकटीलाही गेलं. पुढचा पॉइंटही हातचा गेला, कारण डोळे भरून आले होते आणि तिला चेंडू दिसतच नव्हता.