मोकळं अंगण

दोन घरांच्या मध्ये सुरूच्या झाडांचं दाट कुंपण होतं, म्हणून धाकटीचा संसार चालला होता. पलीकडे थोरली जाऊ राहायची आणि तिच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी इकडे तोंड करून. धाकटी कधी उठली, फोनवर कुणाशी बोलली, कपडे वाळत घालायला उशीर का झाला, थोरलीला सगळ्याची नसती उठाठेव. फक्त कुंपणाच्या आडोशाला चहाचा कप घेऊन बसली, की धाकटी घटकाभर कुणाचीच कोणी नसायची.

डोंगरात वणवे लागायला लागले, तसा अग्निशमन दलाचा माणूस वस्तीत माहिती द्यायला आला. थोरलीचे गुडघे दुखत होते, म्हणून धाकटी गेली. घराबाहेर पडायला मिळाल्याच्या आनंदात तिनं सगळं मन लावून ऐकलं आणि घरी येऊन पोपटासारखं म्हणून दाखवलं. भिंतीलगत झुडपं नकोत, पन्हळीत पाला साचू द्यायचा नाही, लाकडं लांब रचायची, भोवती खडी पसरायची. सुरूसारखी सुक्या पाल्याची झाडं तर आधी काढायची. घराभोवती मोकळं ठेवा म्हणाला, असं सांगता सांगता तिची जीभ अडखळली. पण आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून झाला होता.

नवऱ्यानं लगेच करवत आणली. एवढा आडोसा राहू द्या, असं तिनं म्हणून पाहिलं. जळून मरायचंय का, असं त्यानं विचारलं. खडी तिनंच पसरली.

शेवटचं झाड पडलं तेव्हा खिडकीतून थोरली म्हणाली, "आता कसं मोकळं वाटतंय, नाही गं?"

"हो, ताई." धाकटीचा जीव गुदमरला होता.

उन्हाळा सरता सरता वणवा खाली उतरला. सगळे मोठ्या रस्त्यावर जाऊन थांबले. धूर बघताना धाकटीच्या मनात आलं, जाऊ दे एकदाचं सगळं. मग तिची तिलाच भीती वाटली.

आग खडीपाशी अडली आणि तिथंच विझली. घरांना झळसुद्धा लागली नाही. अग्निशमन दलाच्या माणसानं अंगणाचं तोंडभरून कौतुक केलं, तेव्हा नवऱ्यानं अभिमानानं तिच्याकडे बोट दाखवलं. धाकटीला हुंदका आवरेना. थोरलीनं तिला जवळ घेतलं.

"रडतेस काय वेडे? तुझ्यामुळं वाचलं घर. आता त्याला कधीच काही व्हायचं नाही."

"माहितीये, ताई," धाकटी म्हणाली आणि आणखीच रडायला लागली.