पाण्यात आम्ल, आम्लात पाणी नव्हे

मी एक लिटरचा बीकर बोलतोय. पुस्तकात मला चंचुपात्र म्हणतात, पण प्रयोगशाळेत त्या नावानं मला कुणी कधी हाक मारली नाही.

कारखान्यातून खोक्यात बसून इथे आलो, तेव्हा मला पहिल्यांदा धुतलं ते मामांनी. मामा म्हणजे इथले परिचर. बत्तीस वर्षं मुलांची द्रावणं त्यांनीच बनवली. पदवी नव्हती, पण हात असा की तराजूनं शिकावं. सल्फ्युरिक आम्ल सौम्य करायचं तर आधी माझ्यात पाणी घ्यायचे, मला गार पाण्याच्या टबात बसवायचे, मग काचकांडीवरून आम्लाची बारीक धार. मी तापलो की थांबायचे. "घाई आपल्याला असते, आम्लाला नसते," म्हणायचे. द्रावण निवलं की वजन केलेल्या शुद्ध सोडियम कार्बोनेटशी ताडून पाहायचे. तीनदा आकडा जुळला तरच बाटलीवर चिठ्ठी.

त्यांची लेक याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. मोकळ्या तासाला ब्युरेटपाशी, त्या थेंब मोजून सोडणाऱ्या काचनळीपाशी, उभी राहायची.

"बाबा, रंग आला!"

"आला नाही, ऊत आला. थेंब जास्त पडला. फेक ते, पुन्हा कर."

पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या सकाळी विभागप्रमुख सर तणतणत आले.

"मामा, आम्ल अजून तयार नाही?"

"टबातलं पाणी बदलतोय सर. दहा मिनिटं."

"तुमचं म्हणजे नाकापेक्षा मोती जड! सरका, मीच करतो."

धड असा संरक्षक चष्मा एकच होता. मामांनी तो स्वतःच्या डोळ्यांवरून काढून सरांना दिला आणि ते टब घेऊन नळाकडे वळले. सरांनी आधी माझ्यात आम्लच ओतलं आणि पाण्याचा मग उचलला.

"सर, नको!" मामांनी धावत येऊन सरांना बाजूला लोटलं. तोवर पाणी पडलं होतं. ते आम्लावरच उकळून उसळलं. मला तडा गेला. सरांच्या बाहीला दोन भोकं पडली. मामांना किती तरी वेळ नळाखाली धरलं, तरी त्यांचा डावा डोळा गेला.

महिन्याभरानं मामा कामावर आले. सर कागद घेऊन त्यांच्यामागे, मला ठेवलं होतं त्या आतल्या खोलीत शिरले, दार लोटून घेतलं.

"चौकशी बसलीय. परिचराच्या हातून चुकून आम्लात पाणी पडलं, एवढंच लिहिलंय. तुमची आठ महिन्यांत निवृत्ती. मी मात्र आयुष्यातून उठेन."

मामांनी कागद घेऊन टेबलावर ठेवला.

"पोरीची परीक्षा व्हायचीय. गुण माझ्या हातात आहेत, हे मी का सांगायला हवं?"

नावात चोच असून मला एक शब्द फुटला नाही. मामांनी उरलेल्या डोळ्यानं कागद दोनदा वाचला आणि पेन मागितलं.

दोन दिवसांनी लेक धावत आली. "बाबा, अहवालात लिहिलंय ते खरं? तुम्ही असं कराल?"

"झालं खरं तसं. वय झालं आता." मामा बाटल्या पुसत राहिले. खरं कळलं असतं तर ती तडक सरांच्या खोलीत गेली असती आणि वर्ष घालवून बसली असती.

परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी तिला नेमकं आम्ल सौम्य कसं करायचं तेच विचारलं. तिनं क्रम चोख सांगितला.

"आणि उलट केलं तर?"

तिची मान खाली गेली. "अपघात होतो सर. माझ्या वडिलांच्या हातून झाला."

शेजारी बसलेल्या सरांनी पूर्ण गुण लिहिले. मामा मागच्या टेबलावर ब्युरेट भरत होते. ती भरून वाहू लागली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

मामा निवृत्त झाले. निरोपाला लेक आली नाही. कामाच्या ठिकाणी रजा मिळाली नाही म्हणे. मला फेकलं नाही. दरवर्षी नव्या मुलांसमोर सर सुरक्षिततेवर भाषण देतात, मला हातात उंच धरून तडा दाखवतात. "अडाणी माणसाच्या हाती आम्ल दिलं की असं होतं," म्हणतात. मुलं वहीत लिहून घेतात.

नियम लिहून घ्या पोरांनो, तो खरा आहे, त्यानं डोळे वाचतात. पण माणूस चुकीचा उतरवून घेताय, तेवढं खोडा.