खाऱ्या वाळूचा पेपर

झेवियरचा जन्म झाला ते १८५५ साल. त्याच्या बाप्तिस्म्याची भेट म्हणून मी त्या घरी आले. मी एक जुनी पितळी वाळूदाणी आहे. मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही. टिपकागद येण्यापूर्वी लोक ओल्या शाईवर माझ्यातली बारीक वाळू भुरभुरवीत आणि शाई वाळली की ती झटकून पुन्हा माझ्यात भरीत.

कल्याणच्या तांबटाने मला घडवले. आधी मी ठाण्याच्या मिठागरातल्या कारकुनाकडे होते. त्याने मला झेवियरच्या बापाला, कॉस्मासला दिले. कॉस्मास मीठ ओढणारा, त्याला लिहिता येत नव्हते. "माझा पोर लिहील," असे म्हणून त्याने मला क्रुसाशेजारी ठेवले. पोर लिहू लागला तेव्हा कुठे मलाही अक्षरांची ओळख झाली.

झेवियरचे डोळे नाजूक होते. उन्हात चमकणाऱ्या मिठाकडे पाहिले की त्यांतून पाणी येई. इंग्रजी शाळेची शेवटची परीक्षा आली तेव्हा बाप म्हणाला, "पास झालास तर नोकरी, नाही तर मिठाचे आगर. आणि आगरात तुझे डोळे टिकायचे नाहीत, बाला."

माझ्यात नेहमी टिटवाळ्याच्या नदीची वाळू असे. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती संपली. आई मर्सीबाईने खाडीकाठची वाळू वाळवून, गाळून प्रेमाने मला भरले. झेवियरने मन लावून पेपर लिहिला आणि माझी वाळू सढळ हाताने वापरली. घरी आल्यावर त्याला बोटे चिकट लागली. त्याने एक कण जिभेवर ठेवला.

"आये, ही खारी आहे!"

मर्सीबाईने कपाळाला हात लावला. मिठाला ओल सुटते. आता पेपरांच्या गठ्ठ्यात शाई फुटणार होती.

दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा होती. झेवियरने मलाही बरोबर नेले. शाळेच्या ओट्यावर मुले मार्कांचीच चर्चा करीत होती. झेवियरने त्यांना खाऱ्या वाळूचे सांगितले.

"परीक्षा घेणारा गोरा साहेब एका डागाला एक मार्क कापतो. माझ्या मामाने सांगितलं," पंढरी म्हणाला.

"तुझ्या मामाने साहेब पाहिलाय तरी का रे?" दगडूने विचारले. मग तो झेवियरकडे वळला. "तू कशाला घाबरतोस? तुझा पेपर साहेबाच्या आचाऱ्याला दे. कालवणात मीठ घालायला नको!"

सगळे हसले. झेवियरही हसला आणि मला घेऊन आत गेला.

साहेबासमोर त्याचा पेपर उघडा पडला होता. अर्धी अक्षरे फुगली होती. साहेबाने इंग्रजीत विचारले, "हे काय?"

झेवियरने मला मेजावर ठेवले आणि इंग्रजीतच सांगू लागला. भरतीचे पाणी आगरात कसे घेतात, ते उन्हात कसे आटते, मीठ कसे ओढतात, आणि आईने वाळू कुठून आणली. एकदोनदा तो अडखळला, पण थांबला नाही. साहेबाने माझ्यातली चिमूटभर वाळू चाखली, तोंड वाकडे केले आणि मोठ्याने हसला. मग भिंग मागवून त्याने पेपर पहिल्यापासून वाचायला घेतला.

झेवियर पास झाला. नंबर काही वरचा नव्हता. कॉस्मासने मात्र आगरातल्या सगळ्यांना गूळ वाटला.

पुढे झेवियर त्याच शाळेत इंग्रजीचा मास्तर झाला. टिपकागद आला आणि मी फडताळात गेले. पितळ हिरवे पडले, भोके बुजली. तरी मी सुखी आहे. फडताळाच्या फटीतून मी त्याला पेपर तपासताना पाहत असे. कुणाचे अक्षर लागले नाही, तर तो पेपर खिडकीशी नेई, डोळे पुशी आणि पुन्हा वाची. मुलाला बोलावून विचारल्याशिवाय त्याने कुणाला नापास केले नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू अधूनमधून पुसत जा. आणि उद्या दुसऱ्याचे लिखाण तुमच्या हाती तपासायला आले, तर डाग पाहून थांबू नका, खालचे अक्षर वाचा.

झेवियर मास्तर १८९८ साली, वार्षिक परीक्षेचे सगळे पेपर तपासून झाल्यावर, नौपाड्यातल्या आपल्या घरी वारले.